पीसीआर ७ अधूनमधून का बदलत होता, याचा छडा लागला

टीपीएमच्या (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपच्या) साहाय्याने कूटबद्ध डिस्क आपोआप उघडण्याचे काम मागच्या वेळी जिथे अडले होते, तिथून ते अखेर पुढे सरकले आहे. तक्रार जुनीच होती. लॅपटॉप बहुतेक वेळा काहीही न विचारता लॉगिनपर्यंत पोहोचत असे आणि मधूनच, कोणताही अपडेट झालेला नसताना, लक्सचा (लिनक्समधील डिस्क कूटबद्धीकरणाचा) पासफ्रेज मागत असे. फर्मवेअर तेच, सही केलेली कर्नल इमेज तीच, सिक्युअर बूट (मान्य सही असलेलाच कोड चालू देणारी तपासणी) चालू, आणि तरीही टीपीएम किल्ली सोडायला नकार देत होते. याचे कारण आता हाती आले आहे आणि त्यामुळे या यंत्राची पुढची आखणी बरीच बदलणार आहे.

मांडणीत काही फरक केलेला नाही. लक्स२ आणि आर्गॉन२आयडी (पासफ्रेजपासून किल्ली काढण्याची पद्धत), सिस्टमडी-बूट हा बूटलोडर, एसबीसीटीएल या साधनाने स्वतःच्या किल्लीची सही केलेली युनिफाइड कर्नल इमेज (बूटला लागणारे सारे एकत्र असलेली एकच फाइल), आणि सिस्टमडी-क्रिप्टएनरोलने पीसीआर ७ ला बांधलेली टीपीएमची किल्ली. पीसीआर म्हणजे बूटची मोजमापे साठवणारे टीपीएममधील रजिस्टर; त्याची किंमत नोंदवलेल्या किमतीशी जुळली तरच टीपीएम किल्ली सोडते. डीबीमध्ये (सिक्युअर बूटला मान्य असलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीत) माझ्या प्रमाणपत्रासोबत मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रेही ठेवली होती, कारण ती काढल्यास एखादे हार्डवेअर सुरूच होणार नाही, हा सर्वत्र दिला जाणारा इशारा मला योग्य वाटत होता.

पहिला संशय एफडब्ल्यूयूपीडीने (फर्मवेअर अपडेट करणाऱ्या सेवेने) केलेल्या डीबीएक्स (बंदी घातलेल्या कोडची यादी) अपडेटवर होता. परंतु डीबीएक्स बदलले की पीसीआर ७ कायमचा बदलतो. तो आज बदलून उद्या पुन्हा जुन्या किमतीवर येत नाही. फर्मवेअरमधील ‘फास्ट बूट’ बंद करूनही वागणूक तशीच राहिली. टीपीएमच सदोष असावे, ही शंकाही टिकली नाही, कारण बाकीच्या बहुतेक पीसीआरच्या किमती अपेक्षेप्रमाणेच येत होत्या. अंदाज बांधण्याऐवजी पुरावा गोळा करणे एवढाच मार्ग उरला, म्हणून प्रत्येक बूटनंतर सर्व पीसीआरच्या किमती आणि कर्नलच्या सिक्युरिटीएफएसमध्ये मिळणारा टीपीएमचा इव्हेंट लॉग तारखेसह साठवून ठेवणारी एक छोटी सेवा लिहिली. हे साधन प्रत्येकाने बसवावे, असे माझे मत आहे. टीपीएम फक्त ‘नाही’ म्हणते. ते का म्हणते, हे त्या लॉगशिवाय कोणीही सांगू शकत नाही.

पासफ्रेज न मागणारा एक बूट आणि मागणारा एक बूट, असे दोन लॉग शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहिले. सिक्युअर बूटची स्थिती, पीके आणि केईके (या याद्या बदलण्याचा अधिकार ठरवणाऱ्या किल्ल्या), डीबी, डीबीएक्स आणि त्यानंतरचा विभाजक (सेटिंग्जच्या नोंदी संपल्याची खूण) इथपर्यंत दोन्ही लॉग तंतोतंत सारखे होते. विभाजकानंतर मात्र, चांगल्या बूटमध्ये केवळ माझ्या प्रमाणपत्राची एक नोंद होती, तर बिघडलेल्या बूटमध्ये तिच्या आधी ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सीए २०११’ या प्रमाणपत्राची आणखी एक नोंद होती. पीसीआरमध्ये किंमत थेट लिहिता येत नाही. जुनी किंमत आणि नवे मोजमाप जोडून त्यांचा हॅश (गणिती ठसा) घेतला जातो, त्यामुळे एक नोंद वाढली किंवा दोन नोंदींचा क्रम बदलला तरी अंतिम किंमत पूर्णपणे वेगळी येते. म्हणजेच टीपीएमचा नकार योग्य होता. त्या बूटमध्ये माझ्या कर्नलच्या आधी खरोखरच दुसरा कोणता तरी कोड चालला होता.

तो कोड कोणता, हे पीसीआर २ च्या (बाह्य ड्रायव्हरची मोजमापे जिथे जातात त्याच्या) नोंदींनी सांगितले. बिघडलेल्या प्रत्येक बूटमध्ये तिथे एका बाह्य ड्रायव्हरची नोंद होती आणि तिचा मार्ग थंडरबोल्ट पोर्टकडे जात होता. मी जी बाह्य ग्राफिक्स कार्डाची पेटी वापरतो, त्या कार्डावरील ऑप्शन रॉममध्ये (कार्डावरच साठवलेल्या कोडमध्ये) बूटच्या वेळी पडद्यावर चित्र दाखवणारा यूईएफआय ड्रायव्हर, म्हणजे फर्मवेअरने चालवायचा ड्रायव्हर, असतो. फर्मवेअरमध्ये ‘थंडरबोल्ट प्री-बूट’ चालू असल्यामुळे तो ड्रायव्हर तपासला जात होता, मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रावर तो खरा ठरत होता आणि त्या प्रमाणपत्राची नोंद पीसीआर ७ मध्ये जात होती. पेटी जोडलेली असूनही कधी अडचण येई आणि कधी येत नसे, याचे कारणही यातूनच उलगडले: पेटीचा वीजपुरवठा थोडा उशिरा जागा झाला, तर फर्मवेअरला ती दिसतच नाही. पीसीआर ७ म्हणजे ‘सिक्युअर बूटच्या सेटिंग्ज’ असे आपण सर्रास म्हणतो, पण बूटच्या वाटेवर चाललेल्या कोडला कोणाच्या प्रमाणपत्रावर परवानगी मिळाली, याचीही त्यात नोंद असते. या दुसऱ्या भागाकडे आपल्या चर्चांमध्ये पुरेसे लक्ष दिले जात नाही. पेटीच्या उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत ऑप्शन रॉमचा उल्लेखही नाही, आणि लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये त्या पर्यायाखाली स्पष्टीकरणाची एक ओळसुद्धा नाही. सुरक्षेशी इतका थेट संबंध असलेला पर्याय असा मुका ठेवणे मला अत्यंत गैर वाटते.

कारण समजल्यावर पहिला विचार दोन टोकन (टीपीएमने डिस्क उघडण्याच्या नोंदी) नोंदवण्याचा होता: एक पेटी जोडलेल्या स्थितीसाठी आणि एक सुट्या लॅपटॉपसाठी. लक्स२ मध्ये ३२ की-स्लॉट (किल्ल्यांच्या जागा) असल्यामुळे जागेचा प्रश्न नाही आणि एक टोकन जुळले नाही तर दुसरे तपासले जाते. हे करून पाहिले आणि ते चालले. पेटी जोडून, काढून, मुद्दाम उशिरा चालू करून पाहिले, तरी पासफ्रेज एकदाही विचारला गेला नाही. इतक्या काळानंतर ते पाहताना फार समाधान वाटले.

पीसीआर ७ वगळून केवळ पीसीआर ११ च्या (युनिफाइड कर्नल इमेजची मोजमापे जिथे जातात त्याच्या) सही केलेल्या धोरणावर विसंबण्याचा पर्यायही पुष्कळ जण सुचवतात. तो मला मान्य नाही. पीसीआर ११ शून्यापासून सुरू होतो आणि यंत्रावर चालणारे कोणतेही सॉफ्टवेअर तो वाढवू शकते. सिक्युअर बूट बंद करून स्वतःची प्रणाली चालवणारा माणूस तीच मोजमापे त्याच क्रमाने भरून अपेक्षित किंमत तयार करू शकतो. त्याला अडवणारा पीसीआर ७ च आहे.

दोन टोकनांची व्यवस्था कायम ठेवावी, असे हे लिहायला बसताना ठरवले होते, पण लॉग पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. सुट्या लॅपटॉपच्या बूटमध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राची एकही नोंद नाही आणि पीसीआर २ मध्ये एकही ऑप्शन रॉम नाही. याचा अर्थ, या यंत्राच्या आतल्या कोणत्याही भागाला सुरू होण्यासाठी ते प्रमाणपत्र लागत नाही. मग ते डीबीमध्ये ठेवायचेच कशासाठी? ते काढले की पेटीचा ड्रायव्हर नाकारला जाईल, पीसीआर ७ पेटी असताना आणि नसताना सारखाच राहील, आणि लिनक्स सुरू झाल्यावर कर्नलचा ड्रायव्हर कार्ड स्वतःच जागे करील. गमावण्यासारखे एकच आहे: बूटचा मेनू बाहेरच्या पडद्यावर दिसणार नाही.

प्री-बूट पर्याय बंद करूनही आज तोच परिणाम मिळतो आणि तो मी बंद केलाच आहे, कारण प्रणाली सुरू होण्यापूर्वी बाहेरून जोडलेल्या उपकरणाचा कोड चालू देणे मला पटत नाही. मात्र माझ्या लॉगमध्ये या पर्यायाचे मोजमाप पीसीआर ७ मध्ये कुठेही दिसत नाही. एखाद्या फर्मवेअर अपडेटने तो गुपचूप पुन्हा चालू केला, तर टीपीएमला त्याचा पत्ताही लागणार नाही. डीबीचे तसे नाही. तिथे कोणी प्रमाणपत्र परत टाकले, की किल्ली मिळणे पुढच्याच बूटपासून बंद होते.

डीबीला हात लावण्याची वेळही योग्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘यूईएफआय सीए २०११’ आणि ‘केईके सीए २०११’ या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ ची आहे, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या २०२३ च्या संचात ऑप्शन रॉमसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. ही विभागणी मला मनापासून आवडली, कारण ज्यांना तिसऱ्या पक्षाचे बूटलोडर हवे आहेत पण ऑप्शन रॉम नको आहेत, त्यांना आता तसे ठरवता येईल. नवी प्रमाणपत्रे डीबीत टाकणाऱ्या प्रत्येकाचा पीसीआर ७ बदलणार आहे, हे मात्र विसरू नका.

त्यामुळे डीबी बदलण्यापूर्वी रिकव्हरी की नोंदवून ती कागदावर लिहून ठेवली आहे. आठ-आठ अक्षरांचे आठ गट आणि निरनिराळ्या कीबोर्ड मांडणींत जागा न बदलणारी निवडक सोळाच अक्षरे, ही त्या रचनाकारांची दूरदृष्टी खरोखर कौतुकास्पद आहे. एफडब्ल्यूयूपीडीच्या ईएफआय फाइलवरही स्वतःच्या किल्लीची सही करून शिम (मायक्रोसॉफ्टची सही असलेला मधला बूटलोडर) वगळण्याची सेटिंग चालू केली आहे, अन्यथा प्रमाणपत्र काढल्यावर फर्मवेअर अपडेटचा मार्गच बंद झाला असता.

नवे टोकन नोंदवताना पिन जोडणार आहे. चुकीच्या प्रयत्नांवर टीपीएम स्वतःच मर्यादा घालत असल्यामुळे लहान पिनही पुरेसा ठरतो. शिवाय डिस्कच्या किल्लीचे मोजमाप पीसीआर १५ मध्ये नोंदवून, ते अपेक्षेप्रमाणे नसल्यास बूट थांबवणारी तपासणी इनिटआरडीमध्ये (मूळ प्रणालीच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रणालीत) बसवायची आहे, म्हणजे डिस्कच्या मूळ विभाजनाच्या (पार्टिशनच्या) जागी त्याच यूयूआयडीचे (ओळखक्रमांकाचे) बनावट विभाजन ठेवून इनिटआरडीला फसवण्याचा मार्ग बंद होईल. ही तपासणी नेमक्या कोणत्या टप्प्यावर ठेवावी, यावर अजून विचार चालू आहे.

ज्यांनी डीबीमध्ये केवळ स्वतःचे प्रमाणपत्र ठेवले आहे आणि जे बाह्य ग्राफिक्स कार्डही वापरतात, त्यांनी पेटीसह आणि पेटीशिवाय अशा दोन्ही बूटचे पीसीआर २ आणि ७ चे लॉग कृपया द्यावेत. नाकारलेल्या ड्रायव्हरची पीसीआर २ मध्ये नोंद होते का, हे वेगवेगळ्या फर्मवेअरवर ताडून पाहायचे आहे.