खोडलेला परिच्छेद

सध्या जॉर्ज लमेत्र डोक्यातून जात नाहीत. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ सालीच आइन्स्टाइनच्या समीकरणांतून मांडणारे शास्त्रज्ञ. १९३१ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात विश्वाच्या आरंभावर त्यांचं छोटंसं टिपण आलं. त्याच्या टंकलिखित प्रतीत शेवटी आणखी एक परिच्छेद होता. ईश्वर मुळातच दडलेला आहे असं मानणाऱ्यांना, भौतिकशास्त्रही निर्मितीवर पडदाच ओढतंय हे पाहून आनंद होईल, अशा अर्थाचा. छापण्याआधी तो त्यांनी खोडला.

त्या खोडण्याबद्दल मला फार आदर वाटतो. श्रद्धा डळमळली म्हणून काही तो गेला नाही. ते शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी भाषणात, विज्ञान जणू निर्मितीच्या क्षणाचीच साक्ष देतंय असं सुचवलं, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्ण बाहेरचा आहे, असं ते सांगत राहिले. उलट बाजूला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. विश्वाला आरंभ आहे, यातच त्यांना धर्माचा वास येई.

मी देव मानते. म्हणूनच महास्फोटाला, म्हणजे विश्वाच्या त्या आरंभाला, देवाचा पुरावा म्हटलेलं मला पटत नाही. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिउष्ण, अतिदाट होतं, आणि त्या उष्णतेचा अवशेष आजही अवकाशभर पसरलेल्या, २.७ केल्व्हिन इतक्या थंड प्रारणात सापडतो, इथवर पाया पक्का आहे. अगदी सुरुवातीला मात्र आइन्स्टाइनची समीकरणंच कोलमडतात. उद्या पुंज गुरुत्वाचा, म्हणजे गुरुत्व आणि अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम जोडणारा, सिद्धांत त्याच्याही मागे घेऊन गेला, तर त्या क्षणावर टेकवलेल्या देवाचं काय करायचं?

तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस इथे मला जवळचे वाटतात. विश्वाला सुरुवात होती हे नुसत्या तर्काने सिद्ध करता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. निर्मिती म्हणजे केवळ पहिला धक्का नव्हे, तर प्रत्येक क्षणी असण्यासाठी देवावर अवलंबून असणं. हे मला पटतं. मग विश्व अनादि निघालं तरी माझी प्रार्थना खोटी ठरत नाही.

विश्वस्थिरांकाचं, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या संख्येचं, कोडं मात्र मला सोडत नाही. तो बराच मोठा असता, तर दीर्घिका बनल्याच नसत्या. कुणी म्हणतं अनेक विश्वं आहेत, कुणी म्हणतं हा ईश्वराचा हात. मन लगेच त्या दुसऱ्या उत्तराकडे धावतं, आणि मी त्याला आवरते. हे कोडं सोडवायचं काम आधी भौतिकशास्त्राला पुरं करू दे.