तुझ्याकडे ससे आहेत का?

लाइपझिगला येऊन दोन महिने झाले. पहिला महिना पत्त्याची नोंदणी, बँक आणि विमा यांत गेला. दिवाळी पाच जणांनी एका खोलीत, पाकिटातल्या चिवड्यावर उरकली. विद्यापीठाबद्दल एवढंच सांगते की वेळापत्रकात नऊ लिहिलेलं असलं तरी तास सव्वानऊला सुरू होतो, आणि संपला की पोरं टाळ्यांऐवजी बाकं ठोकतात. पहिल्या दिवशी पावणेनऊपासून रिकाम्या वर्गात बसून, खोली चुकली म्हणून मी रडायचीच बाकी होते.

लिहायचंय ते मंगळवारांबद्दल. दर मंगळवारी मी एका अन्नवाटप केंद्रात भाजी निवडायला जाते. सेवाभाव वगैरे काही नव्हता, खरं सांगते. पुण्यात ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत जर्मन शिकून आले होते, पण इथे कोणी काही विचारलं की जीभ आपोआप इंग्रजीकडे पळायची. म्हटलं, जिथे इंग्रजी चालणारच नाही तिथे जाऊन पडावं. तशी जागा मिळाली! हा भाग पूर्वीचा पूर्व जर्मनी. तेव्हा शाळेत पाचवीपासून रशियन सक्तीचं होतं. माझ्या टेबलावरच्या आजी सत्तरीच्या पुढच्या, इंग्रजीचा ओ की ठो माहीत नाही. रांगेत युक्रेनच्या बायका आल्या की त्यांचं शाळेतलं रशियन बाहेर पडतं आणि मी बटाट्यांकडे बघत राहते. तो बटाटाही धड कळत नाही. पुस्तकातला 'कार्टोफेल' इथल्या सॅक्सन बोलीत 'गार्डोफेल' होतो.

त्यात आजींनी पहिल्याच दिवशी बजावलं, इथे सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात. म्हणजे पांढऱ्या केसांच्या बाईला अगं-तुगं! मला जमेना. दोन मंगळवार मी 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळून वाक्यं जुळवली, जुन्या काळच्या सुना नवऱ्याचं नाव टाळायच्या तशी.

सुपरमार्केटात न खपलेला माल सकाळी इथे येतो. बर्लिनमध्ये 1993 साली हे काम सुरू झालं, आता देशभर नऊशेहून जास्त ठिकाणी चालतं. एक संत्रं नासलं म्हणून अख्खी जाळी दुकानाने काढलेली असते. आपण ते एक फेकायचं, बाकीची पुसून ठेवायची. दह्याच्या डब्यावरची तारीख उलटली तरी आजी घाबरत नाहीत. त्यातला एक उघडतात, वास घेतात, मान डोलावतात. आमची आजी दुधाच्या पातेल्यावर वाकायची, अगदी तश्शीच.

आणि याच बाई नवलकोलाचा पाला मुरगाळून कचऱ्याच्या पिंपात टाकत होत्या.

कोवळा, हिरवागार पाला. एक संत्रं वाचवायला दहा मिनिटं घालवणारी माणसं, आणि हा पिंपात? मला राहवलं नाही. पिंपातच हात घातला आणि व्याकरण सोडून ओरडले, "हे खायचं! हे मी घरी!"

आजी थबकल्या. मग फार मायेने विचारलं, "तुझ्याकडे ससे आहेत का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शेजारचे आजोबा कानाशी दोन बोटं उभी करून दाखवायला लागले. इथे दुकानातही लोक हा पाला तोडून टाकतात, आणि कोणी मागून नेला तर तो सशांसाठीच, असं मग कळलं. "ससे नाहीत. मीच," एवढंच माझ्या जर्मनमध्ये बसलं. सगळं टेबल हसलं. मला तेव्हा राग आला होता, हेही सांगते.

घरी येऊन भरपूर लसूण घातला, पीठ पेरून भाजी केली. हिरवी मिरची फोडणीत पडली तशी वसतिगृहाची धुराची घंटा बोंबलली आणि मी टॉवेल हलवत स्टुलावर चढले. पुढच्या मंगळवारी डबा घेऊन गेले. आजींनी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, अर्धा लिटर पाणी प्यायल्या आणि दुसरा घास घेतला. आजोबांनी डब्याला हात लावला नाही.

"तू खाल्लंस?" मी विचारलं. 'डू' तोंडातून गेलं ते नंतर लक्षात आलं.

काल निघताना त्यांनी हातात कागदी पिशवी दिली. वर मार्करने लिहिलं होतं, 'सशांसाठी'. आत पाला होताच, शिवाय दोन गाजरं.