एम.बी.ए.नंतर पुन्हा नावे-जमा

"फायनान्समध्ये एम.बी.ए. आहेस ना तू? मग परत सर्टिफिकेट कशाला?" हा प्रश्न मी गणपतीच्या आरतीनंतर, मुलीच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये आणि माहेर-सासर दोन्हीकडच्या फोनवर इतक्यांदा ऐकलाय की छोटं उत्तर आता पाठ आहे: "सीपीएसाठी." सीपीए म्हणजे अमेरिकेतला परवानाधारक अकाउंटंट, आपल्याकडच्या सी.ए.सारखा. मोठं उत्तर ऐकायला कुणाला वेळ नसतो, ते इथे लिहिते.

मी मूळची कॉम्प्युटर इंजिनिअर. मग पुण्यात एम.बी.ए., 2012 ची बॅच, त्यानंतर चार वर्षं एका बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. लग्न झालं आणि कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले. एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्यावर, शिकायला परवानगी असते, नोकरीला नसते; नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाईल एका टप्प्यापुढे सरकली की मग वर्क परमिट मागता येतं. माझं हातात पडलं 2021 च्या शेवटी. तोवर बायोडेटात पाच वर्षांची पोकळी, आणि एक मुलगी.

एका छोट्या अकाउंटिंग फर्मच्या मालकीणबाईंनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला. डिसेंबरचं वीजबिल जानेवारीत आलं, पैसे फेब्रुवारीत दिले, तर 31 डिसेंबरला कोणती नोंद करशील? मी वर्किंग कॅपिटलवर बोलायला लागले. त्यांनी छान हसून ऐकून घेतलं. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मला उत्तर सुचलं: वीजखर्च नावे (डेबिट), देणे खर्च जमा (क्रेडिट). दोन ओळींची गोष्ट. ताळेबंदावर तासभर बोलणारी मी, तो ताळेबंद बनतो कसा ते विसरले होते. खरं तर नीट शिकलेच नव्हते. एम.बी.ए.ला अकाउंटिंगचे दोन पेपर होते आणि दोन्ही मी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकले होते.

माझ्या वडिलांना हे कळलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर तीस वर्षं दिवाणजी होते. किर्द (रोजची नोंदवही), खतावणी (खात्यांची वही), तेरीज (सगळ्या खात्यांचा ताळा) हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकलेत. लक्ष्मीपूजनाला पेढीवरची नवी लाल वही, पहिल्या पानावर 'श्री', आणि अण्णांचं ते वळणदार अक्षर. त्या घरातली मुलगी नावे-जमेत अडकते म्हणजे काय!

सीपीएची परीक्षा सगळ्या अमेरिकेत एकच असते, पण तिला कोण बसू शकतं हे ज्या त्या राज्याचं बोर्ड ठरवतं. मी चौकशी केली तेव्हा कॅलिफोर्नियात पदवी हवी, शिवाय अकाउंटिंगची 24 आणि व्यवसायविषयक 24 सेमिस्टर युनिट्स (कोर्सला मिळणारे क्रेडिट्स). ही झाली परीक्षेपुरती गोष्ट. पुढे परवान्यासाठी एकूण 150 युनिट्स, त्यात एथिक्सची 10, आणि अकाउंटिंग एकंदर 30 च्या घरात न्यावं लागायचं. बाहेरच्या देशातलं शिक्षण असेल तर बोर्डाने मान्य केलेल्या संस्थेकडून प्रत्येक विषयाचं मूल्यमापन करून घ्यायचं.

त्यासाठी भारतातल्या विद्यापीठातून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत उतारा, हवं. कुठल्या विद्यापीठातून ते सांगत नाही, ज्यांनी काढलंय त्यांना सगळी सारखीच वाटतील. माझा भाऊ चार वेळा खिडकीवर गेला. पहिल्यांदा चलन चुकीचं, दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा पाकीट मिळालं, पण चिकटवलेल्या कडेवर शिक्का नव्हता. तो नसेल तर इकडे पाकीट उघडतसुद्धा नाहीत. या सगळ्यात पाच महिने गेले.

मूल्यमापनाचा कागद आला. व्यवसायविषयक युनिट्स भरपूर निघाली, कारण कॅलिफोर्नियात कॉम्प्युटर सायन्सही त्यात धरतात, म्हणजे इंजिनिअरिंगची ती रात्र-रात्र जागवणारी सबमिशनं पंधरा वर्षांनी कामी आली. एकूण 150 सुद्धा सहज पार. आणि अकाउंटिंग? 6. फायनान्समध्ये एम.बी.ए. झालेल्या बाईच्या खात्यावर अकाउंटिंगची सहा युनिट्स.

म्हणजे परीक्षेला बसायला आणखी 18 हवी होती. एका विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन विभागात पदवीधरांसाठी अकाउंटिंगचं सर्टिफिकेट होतं: आठ कोर्स, संध्याकाळी ऑनलाइन, प्रत्येकी 4 युनिट्स. फी दर कोर्सला हजार डॉलरच्या आसपास. तिथल्या सल्लागाराने फोनवर सांगितलं, "18 हवीत ना? मग पाच कोर्स केलेस की 20 होतात, लगेच परीक्षेचा अर्ज कर." मी खूश.

तिसऱ्या कोर्सच्या मध्यावर, एका रात्री, सहज बोर्डाची माहितीपुस्तिका पुन्हा चाळत होते. ही युनिट्स क्वार्टरची होती, बोर्ड मोजतं ती सेमिस्टरची. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. माझी 20 म्हणजे 13.33. पाच नाही, सात कोर्स लागणार होते. सल्लागाराला मेल केला तर उत्तर आलं की बोर्डाचे नियम तपासणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे. बरोबरच आहे म्हणा. चडफडत मी एक वही आणली आणि अण्णांसारखी पानं आखली: कोर्स, कुठे केला, कोणती युनिट्स, भागिले दीड, कशात धरणार. आठही कोर्स धरले तर 32 भागिले दीड, म्हणजे 21.33, अधिक जुनी 6, म्हणजे 27.33. तीसला तरी कमीच. शेवटी अकाउंटिंगचा आणखी एक कोर्स आणि एथिक्सचा एक, हे दोन्ही मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात केले. तिथे राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला 46 डॉलर पडतात, आणि युनिट्स सेमिस्टरची. चार युनिट्सचा कोर्स 184 डॉलरला! शिकवणारे सर स्वतः बावीस वर्षं ऑडिट केलेले.

हे आधी कळलं असतं तर निम्मे कोर्स मी तिथेच केले असते. कुणी विचारलं तर मी आता हेच सांगते. सर्टिफिकेटची चौकट छान दिसते, पण बोर्डाला ती चौकट नको असते, ट्रान्स्क्रिप्टवरची युनिट्स हवी असतात.

आता अभ्यासाबद्दल. ज्याला सगळे नुसतं 'इंटरमीजिएट' म्हणतात ते दोन कोर्स म्हणजे खरा डोंगर. महसूल कधी नोंदवायचा याच्या पाच पायऱ्या, भाडेकरार ताळेबंदावर आणणं, रोख्यांवरचं प्रीमियम दर सहामाहीला थोडं थोडं उतरवणं, डिफर्ड टॅक्स. मुलगी झोपली की साडेनऊला बसायचं ते बारापर्यंत. बँकेत असताना मी ज्या आकड्यांवर बोट ठेवून कंपन्यांना प्रश्न विचारायची, त्या एकेका आकड्यात किती अंदाज आणि किती निवड लपलेली असते, ते इथे समजलं. घसाऱ्याची पद्धत बदलली की नफा बदलतो हे एम.बी.ए.लाही वाचलं होतं. स्वतः चार पद्धतींनी पन्नास उदाहरणं सोडवल्यावर ते हाताला कळलं.

रविवारी सकाळी अण्णांना व्हिडिओ कॉल असायचा. एकदा त्यांना माझी वही दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून ते स्क्रीनला नाक लावून बघत राहिले.

"उलटं लिहिलंयस गं."

"काय उलटं, अण्णा?"

"जमा डावीकडे असते. तू नावे डावीकडे घेतलीयस."

देशी नामा पद्धतीत डावी बाजू जमेची, उजवी नावेची. इकडे नेमकं उलटं. मी एवढी वर्षं का गोंधळत होते याचं कारण बहुधा तिथेच असावं; लहानपणी डोळ्यांनी शिकलेली बाजू एक आणि पुस्तकातली दुसरी. निदान मी तरी तशी सबब काढलीय.

आणखी एकदा लिफो समजावून सांगत होते. शेवटी आलेला माल आधी विकला असं हिशेबात धरायचं. अमेरिकेत हे चालतं, आंतरराष्ट्रीय मानकांत चालत नाही. भाव चढते असले की खर्च जास्त दिसतो, नफा कमी, कर कमी. आणि कराला लिफो धरला तर भागधारकांच्या अहवालातही तोच धरावा लागतो.

"म्हणजे माल खरा तसा विकायचा नाही, नुसतं वहीत तसं लिहायचं?"

"हो."

अण्णा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पेवाचा हिशेब झाला हा."

सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं असायची, 2005 च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेवात शेवटी ओतलेली हळद वर, तीच आधी निघणार. "फक्त," अण्णा म्हणाले, "पेव उघडलं की तळापर्यंत रिकामं करावं लागायचं. तळाची हळद वर्षानुवर्षं तशीच ठेवून आमच्या शेटजींना जमलं नसतं." लिफोच्या जुन्या थरांवर आमच्या प्राध्यापकांनी अख्खं लेक्चर घेतलं होतं. अण्णांचं एक वाक्य पुरलं.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळीकडे लिहिलेलं सापडतं. 2024 च्या जानेवारीपासून रचना बदलली: ऑडिट, फायनान्शियल रिपोर्टिंग, टॅक्स हे तीन पेपर सगळ्यांना, चौथा तिनातून निवडायचा. प्रत्येक पेपर चार तासांचा, उत्तीर्ण व्हायला 75, आणि ते 75 टक्के नव्हेत, त्यांच्या मापपट्टीवरचे 75. सर्टिफिकेट संपता संपता मला एका फर्ममध्ये टॅक्स सीझनपुरतं काम मिळालं होतं, आणि मी अतिउत्साहात मार्चमध्येच फायनान्शियल रिपोर्टिंगचा पेपर दिला. दिवसा रिटर्न्स, रात्री अभ्यास. पहिल्या वर्षी नव्या रचनेमुळे निकाल उशिरा लागत होते. मार्चच्या पेपरचा जूनमध्ये लागला. 71. सरकारी निधीच्या हिशेबाचा भाग मी सोडून दिला होता, तोच आला. ऑगस्टमध्ये परत दिला तेव्हा 79. ऑडिट आणि टॅक्स पहिल्या खेपेत सुटले. चौथा म्हणून टॅक्स प्लॅनिंग घेतला, तो 2025 च्या जुलैत दिला.

मध्ये 2025 च्या जानेवारीत ओहायोने कायदा केला की पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असेल तर 150 युनिट्सची अट नको. मग इतर राज्यांतही तेच वारं सुरू झालं. नवऱ्याने बातमी वाचून दाखवली आणि म्हणाला, "अगं, थोडी थांबली असतीस तर?" मी त्याला वही दाखवली. माझी अडचण 150 ची कधीच नव्हती. अकाउंटिंगच्या त्या सहाची होती, आणि अकाउंटिंग कुणी माफ केलेलं नाही.

सध्या सीपीएच्या हाताखाली वर्षभराच्या अनुभवाचे महिने भरतेय. फर्ममध्ये आपल्याकडचे लोक आले की माझ्याकडे पाठवतात. मंडळातलेही आता "कशाला?" विचारत नाहीत. आरती संपली की बाजूला घेऊन हळूच विचारतात, भारतातल्या खात्यांचं काय करायचं? वर्षात कधीही सगळी खाती मिळून 10,000 डॉलरच्या वर गेली असतील तर इकडच्या सरकारला कळवावं लागतं, मी सांगते. मग ते आईबरोबरच्या जॉइंट खात्यातल्या एफडीबद्दल विचारतात, आणि प्रसादाची रांग खोळंबते.

चौथ्या पेपरचा निकाल लागला त्या रात्री सांगलीला सकाळ होती. अण्णांना सांगितलं, चारही सुटले.

"छान. तेरीज जुळली म्हणायची," ते म्हणाले. आणि लगेच, "बरं, ते शेवटून आलेल्या मालाचं तिकडे अजून तसंच चालू आहे का गं?"