चोचीत गुलाब

ऋषिपंचमीच्या सकाळी साडेसातला दार वाजलं. घरमालकीणबाई उभ्या. हातात ताट आणि ताटात अख्खी उकडलेली कोंबडी: पिवळीधमक, मान ताठ, चोचीत लाल गुलाब. त्यांनी चपला काढल्या आणि ताट घेऊन थेट बाप्पाकडे निघाल्या.

त्याआधीचं थोडं सांगतो. २०२४ हे आमच्या फिरस्तीचं तिसरं वर्ष. दोघांचं काम लॅपटॉपवर, लेक सात वर्षांची, बिऱ्हाड तीन बॅगांत. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांचा, म्हणून होई आनमधलं घरही तेवढ्याच दिवसांचं. ऑगस्टमध्ये आईला फोनवर म्हटलं, यंदा यायला जमत नाही, आणि तिकिटांचे भाव ऐकवले. (भाव खरे होते. तेवढंच कारण होतं असं नाही.) ती म्हणाली, "दादाकडे बसतोय ना घरचा गणपती. तुमचं आज इथे, उद्या तिथे. नाही बसवलात तरी चालेल."

चालेल? चिपळूणच्या पोराला गणपतीत असं म्हणणं म्हणजे रेशनकार्डावरून नाव कापणं. आमची चूल वेगळी होऊन नऊ वर्षं झाली. चूल वेगळी तर गणपती वेगळा, हा नियम काय मी काढलाय? ती चूल बॅगेत असते म्हणून चूल नाही? फोन ठेवल्यावर हे सगळं मी बायकोला तावातावाने ऐकवलं. ती म्हणाली, "मग बसव."

न्यू जर्सीच्या मावसभावाकडे ढोलताशा असतो, जेवायला रांगा, ट्रेमध्ये फ्रोझन मोदक. त्याने विचारलं, तुमच्याकडे काय? आमच्याकडे, बाबा रे, थान हा आहे. तीनेक किलोमीटरवर, थू बोन नदीकाठचं कुंभारांचं गाव. तिथे मातीच्या प्राण्यांच्या शिट्ट्या मिळतात. चाकावर बसलेल्या आजींनी मातीचा गोळा दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. शाडू नव्हे, तांबूस माती. सोंड दोनदा गळून पडली, तिसऱ्यांदा आत काडी घातली. दूर्वा रस्त्याकडेलाच सापडल्या. इथे त्यांना 'को गा' म्हणतात, म्हणजे कोंबडीचं गवत. तेव्हा हसलो होतो.

मोदकांचा पहिला घाणा बसला. मी चिकट तांदळाची पिठी आणली होती. तिला 'बोत नेप' म्हणतात, आपल्याला हवी ती 'बोत गाओ'. मोदकपात्रातून एक सलग मोदक निघाला. दुसरा घाणा जमला. सारणाला ताडाचा गूळ, आणि सांगतो, तो आपल्या गुळापेक्षा बरा लागतो. आईला हे सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी लिस्बनमध्ये उदबत्ती लावली तर धुराचा अलार्म वाजला आणि मालकाचा लांबलचक ईमेल आला. इथे घराघरात पूर्वजांचा देव्हारा. त्यावर फळं, पाणी, उदबत्त्या, बिस्किटांचे पुडे, कधी बिअरचे कॅनसुद्धा. शिवाय जवळच्या दा नांग शहरात चाम लोकांच्या, म्हणजे इथल्या जुन्या चंपा राज्यातल्या लोकांच्या, शिल्पांच्या संग्रहालयात सातव्या-आठव्या शतकातला उभा गणपती आहे. बाराशे वर्षांपूर्वी बाप्पा या किनाऱ्यावर होता, तर माझ्या ९० दिवसांना कोण हसणार?

घरमालकीणबाई पहिल्या दिवशीच डोकावल्या होत्या. मूर्ती पाहून हात जोडले, तीन उदबत्त्या लावल्या, आणि फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, "हे काय खातात?" मी टाइप केलं, गोड, खोबरं. भाषांतर काय झालं देव जाणे. मोदक पाहून मात्र त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या 'बान इत'मध्येही, म्हणजे चिकट तांदळाच्या उकडलेल्या गोळ्यांत, खोबऱ्याचं सारण असतं. पाच मोदक घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कोंबडी.

बायकोने पुढे होऊन दोन्ही हातांनी ताट धरलं आणि स्वयंपाकघरात नेलं. बाई थोड्या गोंधळल्या. मी आईला फोन लावला. ती कालपासून यागी वादळाच्या बातम्या बघत बसलेली. ते आमच्यापासून शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे, हे तिला चारदा सांगून झालं होतं. कोंबडीचं ऐकून ती गप्प झाली. आज ऋषीची भाजी खायचा दिवस. मला वाटलं आता ऐकावं लागणार.

"स्वतः पहाटे उठून शिजवली तिने?"

"हो. गुलाबपण लावलाय."

"मग टाकू नका हं. फ्रीजरला ठेव. बुधवारी गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतोच ना आपण? पडदा धर गणपतीपुढे आणि दाखव."

आमची गौर उभी राहिली कंदिलाच्या बांबूच्या सांगाड्यावर, बायकोची एकुलती एक साडी नेसून. मुखवटा लेकीने रंगवलेला, डोळे जरा तिरळे. बुधवारी बाईंना बोलावलं. लेकीने बाप्पासमोर आईची ओढणी धरली आणि आम्ही कोंबडी गौरीपुढे ठेवली. गुलाब ताजा लावला होता.

बाईंनी ओढणीकडे बोट दाखवलं. मी टाइप केलं, हा मांस खात नाही, आई खाते, म्हणून त्याला दिसू द्यायचं नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं, मोठ्याने हसल्या आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिल्या.

स्क्रीनवर आलं: "मुलगा किती दिवस राहणार आहे? त्याच्यासाठी बिअर आणू का?"