माझा अनुभव: क्वारंटाइनमध्ये अडकलेली पर्चेस ऑर्डर

वसमत तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. सभासदांची हळद, लॅबचे नमुने, खरेदीदारांचे फोन आणि मेल, सगळं माझ्याच टेबलावर येतं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून परराज्यातले खरेदीदार थेट विचारायला लागलेत. त्यातल्याच एका कोचीच्या मसालेवाल्यांची पर्चेस ऑर्डर ऐन हंगामात गायब झाली. ते म्हणायलेत पाठवली, आमच्या मेलची देखभाल करणारी एजन्सी म्हणायली आलीच नाही. मला अजूनही त्याची चीड येते. दुसऱ्या कुणाच्या ऑफिसात असंच झालं तर निदान कुठं बघायचं हे कळावं, म्हणून लिहितेय.

जंक फोल्डर बघितला, सगळ्या फोल्डरांत शोधलं, काही नाही. इथपर्यंत सगळेच जातात. पण क्वारंटाइन त्याच्याही अलीकडं असतं. जंकमधला मेल निदान आपल्या खात्यात आलेला असतो. क्वारंटाइनमधला मेल सर्व्हरवरच अडवून ठेवतात, म्हणून कितीही शोधा, फोनवर बघा नाहीतर कॉम्प्युटरवर, दिसत नाही. पाठवणाऱ्याकडं मेल परतही जात नाही. त्यामुळं त्याला खात्रीनं वाटतं की पोचला.

आमचे मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहेत. तिथं क्वारंटाइनचं वेगळं पान असतं: ब्राउझरमध्ये सिक्युरिटी डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, पुढं स्लॅश क्वारंटाइन. मी ते उघडलं तर यादी रिकामी. एजन्सीला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, आमच्याकडून काही इश्यू नाही, सेंडरला परत पाठवायला सांगा." परत पाठवायला लावली, परत गायब. तक्रारीचं तिकीट टाकलं तर काही न कळवता बंद केलं. पुन्हा फोन केला तर ज्याच्याकडं ॲडमिनचा पासवर्ड तो रजेवर, आणि जो फोन उचलतो त्याला बघायचा अधिकार नाही.

इकडं हळद पॉलिश होऊन पोत्यांत भरलेली. बाजारात भाव रोज हलतो, आणि कोचीवाल्यांनी फोनवर कबूल केलेला दर ठराविक तारखेपर्यंतच होता. लेखी ऑर्डर हातात आल्याशिवाय गाडी भरायची नाही, हा आमच्या संचालक मंडळाचा नियम. तो बरोबरच आहे. अध्यक्ष काका दर थोड्या वेळानं डोकवायचे, "ताई, आलं का काही?" त्यांना काय सांगणार? शेतकऱ्याचा माल ऑफिसच्या भरवशावर पडून होता आणि ऑफिस एका पासवर्डवाल्याच्या भरवशावर.

यादी रिकामी का दिसत होती ते नंतर कळलं. अडवलेला मेल कुणी बघायचा हे ॲडमिन ठरवतो. आमच्या एजन्सीनं सगळ्या प्रकारांसाठी "फक्त ॲडमिन" ठेवलं होतं, आणि मेल अडकला की खातेदाराला येणारी सूचनाही बंद होती. म्हणजे मेल अडकलाय हे कळायची सोयच आम्हाला ठेवली नव्हती. त्यात क्वारंटाइनला मुदत असते. आमच्याकडं ती ३० दिवसांची होती. ती संपली की मेल कायमचा पुसला जातो, नंतर ॲडमिनलाही परत आणता येत नाही. जीमेलच्या स्पॅमलाही ३० दिवसच असतात. कुणी "बघतो, करतो" म्हणायला लागलं की आधी ही मुदत कुठवर आली ते विचारा.

कोंडी फुटली ती अशी. कोचीच्या अकाउंटंटला मी म्हटलं, तीच ऑर्डर पुन्हा पाठवा, पण एकाच मेलमध्ये दोन पत्ते टाका, ऑफिसचा आणि माझा घरचा जीमेलचा. ऑफिसच्या पत्त्यावर नेहमीसारखी गायब. जीमेलमध्ये मात्र स्पॅममध्ये सापडली. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून त्या मेलच्या तीन ठिपक्यांत मूळ मेल दाखवायचा पर्याय असतो, तिथं त्या मेलचा मेसेज आयडी, म्हणजे त्या मेलचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो. एकाच मेलचे दोन पत्ते, म्हणून आयडी तोच. तो आयडी, पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ, सगळं लिहून एजन्सीला लेखी मागितलं: या मेलचा मेसेज ट्रेस (मेल कुठं गेला, त्याचं काय झालं याची सर्व्हरवरची नोंद) काढा आणि निकाल जसाच्या तसा पाठवा. ट्रेस ९० दिवसांपर्यंतचा निघतो. आता "आलाच नाही" म्हणायला जागा उरली नाही. निकाल आला: क्वारंटाइन्ड. आधीच्या ऑर्डरीही तिथंच होत्या. सगळ्या सुटल्या, गाडी कबूल दरातच भरली. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मूळ कारण त्याच जीमेलच्या पानावर दिसलं: एसपीएफ नापास, डीमार्क नापास. कोचीवाल्यांनी नवं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं होतं, ते त्यांच्या नावानं पण स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवत होतं. आपल्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ही पाठवणाऱ्यानं जाहीर केलेली यादी म्हणजे एसपीएफ. मेलवरची डिजिटल सही म्हणजे डीकिम. दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं, हे पाठवणाऱ्याच्याच डोमेननं (मेलच्या पत्त्यात @ च्या पुढं असतं ते नाव) डीमार्कमध्ये लिहून ठेवलेलं असतं: जाऊ द्या, बाजूला ठेवा किंवा परत पाठवा. कोचीवाल्यांनी "बाजूला ठेवा" लिहिलं होतं. यार्डाच्या गेटवर पास नसलेली गाडी थांबवावी तसं फिल्टरनं ते पाळलं. फिल्टरवर माझा काडीचाही राग नाही. "आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथं टाका" असले खोटे मेल तोच अडवतो. कोचीच्या आयटीवाल्यांनी यादीत नवा सर्व्हर घातला आणि प्रश्न मिटला.

लगेच सुटका हवी म्हणून त्यांचं सगळं डोमेन "नेहमी चालू द्या" यादीत टाकावं, असं एजन्सीनं सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. त्याच नावाचा खोटा मेलही मग सरळ आत येतो. जीमेल डॉट कॉमसारखं डोमेन तर त्या यादीत चुकूनही घालू नका.

एजन्सीकडून आता दोन गोष्टी बदलून घेतल्यात. अडकलेल्या मेलची सूचना रोज येते, आणि साधा स्पॅम आम्ही स्वतः बघून सोडवू शकतो. व्हायरसवाला किंवा पक्का फसवा ठरलेला मेल खातेदाराला सोडवता येत नाही, विनंती टाकावी लागते, आणि ते तसंच असायला हवं. सोडवण्याआधी तिथंच प्रिव्ह्यूमध्ये वाचून घ्या.

अशा सूचनांचे खोटे मेलही फिरतात, "तुमचे मेल अडकलेत, सोडवायला पासवर्ड टाका" म्हणून. सूचनेतल्या लिंकवर न जाता क्वारंटाइनचं पान स्वतः टाइप करून उघडायचं.

घरच्या जीमेलवाल्यांसाठी: खात्रीच्या पत्त्याचा मेल कधीच स्पॅममध्ये जाऊ नये असा फिल्टर कॉम्प्युटरवरूनच बनवता येतो, फोनच्या ॲपमध्ये ती सोय नाही. आणि ज्यांच्या ऑफिसात जुन्या पद्धतीनं पॉपवर मेल उतरवतात, त्यांच्या कॉम्प्युटरवर फक्त इनबॉक्स येतो. त्यांनी स्पॅम बघायला वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधून मेल, उघडायलाच हवं.