दीडपट वेगाने

मंगळवार, रात्री

ओजसने शेवटी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळातल्या मालिकेचा 'द इनर लाइट' हा भाग पाहिला. किती दिवस मागे लागले होते त्याच्या. काल सकाळी ऑफिसला जाता जाता मेसेज आला, "आत्या, बघितला एकदाचा. भारी आहे. १.५ वर टाकला होता, घाटकोपर यायच्या आत संपला."

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? पोराने वेळ काढला, आवडला म्हणाला, लगेच कळवलंसुद्धा. मी "वा!" लिहून पाठवलं. आणि तेव्हापासून आत काहीतरी खुपतंय ते आत्ता रात्रीपर्यंत खुपतंच आहे. भाजी चिरताना तेच, बँकेत रांगेत उभी होते तेव्हाही तेच. दीडपट.

भाग पंचेचाळीस मिनिटांचा. दीडपट केला की तीस. म्हणजे पंधरा मिनिटं वाचली. ती पंधरा मिनिटं नेमकी कुठून काढली, हे मी दोन दिवस मनात शोधते आहे. संवाद एकही गाळलेला नाही, प्रसंग सगळे जागच्या जागी. मग गेलं काय?

मघाशी जेवण आटपल्यावर मीच लॅपटॉपवर लावून पाहिला, त्याच्यासारखा. पूर्वी कॅसेट पुढे पळवली की आवाज चिरका व्हायचा, तसं आता होत नाही. पट्टी तीच राहते, माणसंही माणसांसारखीच बोलतात. पण बासरी ऐकवेना. संगीतकार जे चॅटवेची ती धून, इतकी साधी, श्वासाला श्वास जोडून चालणारी, ती विलंबितातून उचलून एकदम द्रुतात नेऊन टाकलेली. आणि एलिनचं जाणं. पॅट्रिक स्ट्युअर्टचा कप्तान पिकार्ड या भागात स्वप्नासारखं एक दुसरंच आयुष्य जगतो, त्यात तो कामिन आणि एलिन त्याची बायको. आयुष्यभर ती कामिनला टोकत आलेली असते, जोडे वाटेत टाकू नकोस म्हणून. अंथरुणावर शेवटच्या घटकेलाही ती तेच सांगते, जोडे जागेवर ठेवत जा. तो हो म्हणतो. नंतर कुणी बोलत नाही, नुसता पॅट्रिक स्ट्युअर्टचा चेहरा. तो चेहरा मोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागायलाच हवा ना? माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या आत पुढचा प्रसंग आला. लॅपटॉप बंद केला.

खरं सांगायचं तर काल मला रडू आलं होतं. त्या मेसेजवरून. मला वाटलं, आता हे संपलं. हे जे माझं इतक्या वर्षांचं आहे ते घेणारं पुढे कुणी नाही. ऑफिसात विचारतात, "मॅडम, अजून ते अंतराळवालं बघता का?" प्रेमाने विचारतात, मीही हसून हो म्हणते. पण तिथे कुणाला सांगणार की 'डारमॉक' या दुसऱ्या भागातले टमेरियन लोक नुसत्या गोष्टींच्या दाखल्यांनी बोलतात, आणि आमच्या घरात दूध उतू गेलं, गॅस संपला, परीक्षेचा निकाल लागला की दादा त्यांचा हार सांगणारा एकच शब्द म्हणायचा, 'शाका'? आता दूध उतू गेलं की मी ओटा पुसते.

स्टार प्लस तेव्हा इंग्रजी होतं. केबलवाल्याने गच्चीवरून टाकलेली वायर वाऱ्याने हलली की पिकार्डच्या तोंडावर मुंग्या. दादा वर जाऊन वायर धरून उभा राहायचा आणि मी खिडकीतून ओरडून सांगायची, "आलं, आलं, गेलं!" असं करून भाग पाहिलेत आम्ही. चुकला तर चुकला. परत कधी लागेल याचा भरवसा नाही, व्हीसीआर नाही. म्हणून 'द इनर लाइट' पुन्हा लागला तेव्हा दादाने टू-इन-वन टीव्हीच्या स्पीकरला अगदी चिकटवून ठेवला, सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि पिकार्ड बासरी ओठांना लावतो तिथे रेकॉर्डचं बटण दाबलं. धून आली. मागे आईची भांडीही आली. ती कॅसेट आम्ही किती ऐकली असेल! सेल उतरायला लागले की धून हळू व्हायची, खर्जात जायची. मग दादा सेल काढून हातावर चोळून पुन्हा बसवायचा.

पुढे वाचलं, की साठच्या दशकात इंग्लंडात 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका बघणारी पोरं हेच करत होती. बीबीसीने टेप महाग म्हणून जुने भाग पुसून त्यांच्यावर दुसरं काहीतरी चित्रित केलं. कित्येक भागांचं चित्र कायमचं गेलं. आवाज मात्र एकूण एक भागाचा शिल्लक आहे, कारण कुणी ना कुणी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलं होतं. ते वाचून मला किती आनंद झाला होता. आपण एकटे नव्हतो. कुठल्या तरी इंग्रज दिवाणखान्यातही मागे कुणाच्या तरी आईची भांडी वाजली असणार.

आणि ही गोष्ट तर दादाला सांगायचीच राहिली. भागाचं नाव लेखक मॉर्गन गेंडेलने जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यावरून घेतलं. त्या गाण्याचं वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित झालं १९६८च्या जानेवारीत, आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांकडून. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. दूरच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरची जी बासरी ऐकायला आम्ही डोंबिवलीत वायर धरून उभे राहायचो, त्या भागाच्या नावामागचं गाणं इथून लोकलने तासाभराच्या अंतरावर वाजलेलं. दादा असता तर उठून उभाच राहिला असता. सगळ्यांना फोन केले असते.

असो.

ओजसचा काल रात्री फोन आला. "आत्या, तू नुसतं 'वा' लिहिलंस. चिडलीस का?" मी नाही म्हटलं. तो ओळखतो. मग विचारलंच, अरे, दीडपट कशाला? तर म्हणाला, मी सगळंच तसं बघतो. लेक्चर, बातम्या, मुलाखती. नेहमीच्या वेगाने लावलं की माणसं मुद्दाम रेंगाळत बोलतायत असं वाटतं. आणि मग मला शिकवायला लागला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपली टीव्हीची पाल पद्धत २५ ची, त्यामुळे दूरदर्शनवर तुम्ही जे सिनेमे बघायचात ते चार टक्के जलदच चालायचे, तेव्हा कुठे कुणाला वाईट वाटलं? बरोबर आहे त्याचं. मी गप्प बसले. चार टक्के आणि पन्नास टक्के यांत फरक आहे हे नंतर भांडी आवरताना सुचलं.

२०१९ मध्ये नेटफ्लिक्सने हे वेग बदलायचं बटण चाचणीसाठी आणलं तेव्हा जड अपाटोसारखे दिग्दर्शक फार संतापले होते, आम्ही ज्या लयीत केलं त्या लयीत बघा म्हणून. मी तेव्हा पूर्णपणे त्यांच्या बाजूची होते. मग कळलं की दृष्टिहीनांच्या आणि कर्णबधिरांच्या संघटनांना ते बटण हवं होतं. ज्यांचं सगळं वाचन कानांनी होतं त्यांना जलद ऐकायची सवय असते, आणि ज्यांना अक्षरं वाचून संवाद समजून घ्यायचे त्यांना वेग कमी करता आलेला बरा. म्हणजे बटण वाईट म्हणता येत नाही. ओजसही वाईट नाही. तरी खुपतंच. का?

मला वाटतं, मला त्याचा वेळ हवा होता. त्याने भाग पाहायला हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त, दादा जितका वेळ बसायचा तितका वेळ त्याने बसावं, असं काहीतरी. आणि हे मी त्याला कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. सव्वीस वर्षांच्या मुलाला रोज लोकलमध्ये उभं राहून जे काही मिळतं त्यातली तीस मिनिटं त्याने मला दिली. माझ्याजवळ हिशेब मागायला काय आहे?

हे लिहिता लिहिता एक गोष्ट मनात आली, आणि दोन दिवस ती कशी सुचली नाही याचं नवल वाटतंय. त्या भागात होतं तरी काय? कामिनच्या काटान ग्रहाचा सूर्य मरायला टेकलेला. नद्या आटलेल्या. तरीही ते लोक चौकात रोप लावतात. आपल्याला वाचवायला कुणी येणार नाही हे त्यांना कळून चुकलेलं असतं. म्हणून ते एक यान आकाशात सोडतात, हजार वर्षांनी कुणालातरी सापडावं म्हणून, आणि त्यात काय भरतात? लढाया नाहीत, राजे नाहीत. एका लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाचा संसार. बायको, मुलगी, मुलगा, मित्र, जोडे, बासरी. चाळीसेक वर्षं. आणि ती पिकार्डला दाखवायला त्यांना किती वेळ लागतो? शुद्धीवर आल्यावर तो विचारतो तेव्हा त्याचा सहकारी रायकर सांगतो, वीस-पंचवीस मिनिटं.

म्हणजे पळवत दाखवायचं हे काटानच्या लोकांनीच ठरवलेलं. त्यांच्याकडे दुसरा उपायच नव्हता. अनोळखी माणूस आपल्यासाठी चाळीस वर्षं बसेल, अशी अपेक्षा त्यांनी केली नाही. तो जेवढा वेळ थांबेल तेवढ्यात सगळं त्याच्या ओंजळीत घालायचं, आणि त्याला बासरी वाजवता आली म्हणजे झालं. ओजसने तर तीस मिनिटं दिली. पिकार्डपेक्षा जास्तच.

हे सुचल्यावर फार हलकं वाटलं. उठून चहा केला, इतक्या रात्री.

कारण बासरी त्यालाही आली आहे. फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला होता, "आत्या, तो कामिनचा मुलगा, बटाई. तो अगदी त्याच्यासारखा दिसतो ना? नाक, कपाळ." मी म्हटलं, दिसणारच, तो पॅट्रिक स्ट्युअर्टचा खराच मुलगा आहे, डॅनिएल. फोनवर जरा वेळ काहीच आवाज आला नाही. लोकलमधल्या त्या गर्दीत, दीडपट वेगाने पळणाऱ्या चित्रात, त्याने ते नाक आणि कपाळ टिपलं. मला तर कुणीतरी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मग म्हणाला, "अच्छा. तरीच." आणि पुढे काही नाही.

या भागाला १९९३ मध्ये ह्यूगो हे विज्ञानकथांचं पारितोषिक मिळालं. १९६८ नंतर पहिल्यांदाच टीव्ही मालिकेच्या एखाद्या भागाला. चित्रीकरणात वापरलेली ती बासरी २००६ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ४८ हजार डॉलरला गेली. हे सगळं मी त्याला भराभर सांगत सुटले, ती शांतता भरून काढायला. तो ऐकत होता. नेहमीच्या वेगाने.

शेवटी म्हणाला, पुढे काय बघू, यादी दे. आज दुपारी पाठवली. 'डारमॉक' पहिला, अर्थातच. 'टेपेस्ट्री', 'चेन ऑफ कमांड'चे दोन्ही भाग, 'द मेजर ऑफ अ मॅन'. 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतला 'इन द पेल मूनलाइट'. आणखी एक नाव लिहिलं आणि पाठवायच्या आधी खोडलं.

'द व्हिजिटर'. १९९५चा. त्याच मालिकेतला नायक सिस्को अपघातात काळाच्या बाहेर फेकला जातो आणि वर्षावर्षांनी काही मिनिटांसाठी त्याच्या मुलासमोर, जेकसमोर येतो. दर वेळी बाप तेवढाच, मुलगा मोठा, मग मध्यमवयीन, मग म्हातारा. म्हातारा जेक टोनी टॉडने केलाय. त्याने लिहिणं सोडलेलं, संसार मोडलेला, सगळं आयुष्य बापाला परत आणण्यात घातलेलं. आणि बाप दर भेटीत एकच विचारतो, तू कसा आहेस, तुझं काय चाललंय.

मी स्वतः तो गेल्या काही वर्षांत लावलेला नाही. त्या वर्षापासून.

पण ओजसला आता दाखवावा असं वाटतंय. लोकलमध्ये नको. रविवारी तो जेवायला येतोय, दुपारी इथेच बसून पाहता येईल, मोठ्या पडद्यावर. त्याला मध्येच थांबवावासा वाटला तर थांबवू. पळवावासा वाटला तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त आधी वहिनीशी बोलून घ्यायला हवं.