आळंदी ते पंढरपूर : वारीत जेवायचं कुठे, कधी आणि किती

पायी वारीला निघतो म्हटलं की घरचे पायांची काळजी करतात, पावसाची करतात. जेवणाची कुणी करत नाही, कारण वारीत कुणी उपाशी राहत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ते खरंच आहे. पण सुमारे २५० किलोमीटर चालायचं तर पोट भरणं वेगळं आणि पोट सांभाळणं वेगळं. यंदा ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीसोबत पूर्ण वाट चाललो. पुढच्या वर्षी निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे दिंडीत नाव घाला. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरली की दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा, राहुटीतली जागा आणि सामान ट्रकमध्ये टाकायची सोय होते. भिशीची रक्कम दिंडीगणिक बदलते, म्हणून जेवणात काय काय धरलंय ते आधीच विचारून घ्या. ट्रक आणि आचारी पालखीच्या पुढे निघतात, दुपारच्या विसाव्याजवळ जागा धरून चूल पेटवतात. आपण टाळ वाजवत पोहोचेपर्यंत भात उतरलेला असतो. तुमची दिंडी पालखीच्या रथापुढची की रथामागची आणि तिचा नंबर कितवा, हे कागदावर लिहून खिशात ठेवा. गर्दीत फोन लागत नाही, आणि विसाव्याच्या शिवारात शेकडो ट्रकांतून आपला शोधायचा तर हा नंबरच उपयोगी पडतो.

दिंडीचं जेवण साधं असतं. आमटी-भात, एखादी भाजी, चपाती नाहीतर भाकरी. कुणा भाविकाची पंगत असेल त्या दिवशी शिरा, लापशी किंवा बुंदी. पण ‘वदनी कवळ घेता’ म्हणून सगळ्यांबरोबर खाली बसून, ऊन ऊन वाढलेलं ते जेवणच मला पूर्ण वाटेवर बाधलं नाही.

खरी परीक्षा रस्त्यावर. दर शंभर पावलांवर कुणीतरी हात जोडून उभं असतं. केळी, पोहे, चहा, बिस्किटं, शेंगदाण्याचे लाडू. लोक इतक्या मनापासून देतात की नाही म्हणवत नाही. पण सगळंच पोटात टाकलं तर दुपारच्या पंगतीला भूक उरत नाही आणि संध्याकाळी पोट बिघडतं. मी एक नियम धरला होता : चालता चालता फक्त सोलून खायचं फळ आणि कोरडा खाऊ, शिजवलेलं सगळं बसून आणि गरम असेल तरच. कापून ठेवलेली फळं, सरबत, उसाचा रस यांना हात लावला नाही. ‘माऊली, पोट भरलंय, प्रसाद म्हणून एवढंसं द्या’ असं म्हटलं की देणाऱ्याचंही मन राहतं. घेतलेलं टाकू मात्र नका. पानात टाकलेलं अन्न बघून वाढणाऱ्या बाईचा चेहरा उतरतो, तो बघवत नाही.

पुणे ते सासवड या टप्प्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. जवळजवळ ३० किलोमीटरची चाल, वर दिवे घाट, आणि तिथीनुसार हा दिवस बहुधा योगिनी एकादशीचा असतो. म्हणजे सर्वांत लांब पल्ला आणि उपवास एकाच दिवशी. हडपसरपर्यंत साबुदाण्याची खिचडी जागोजागी मिळते आणि इथेच बरेच जण पोटभर खातात. साबुदाणा जड, तेल वरून, मग घाटात छाती भरून येते. त्यापेक्षा सकाळी थोडी खिचडी, वाटेत राजगिऱ्याचे लाडू आणि केळी, वडकी नाल्याच्या विसाव्याला भगर आणि दाण्याची आमटी, हे मला मानवलं. घाट चढायच्या आधी बाटली भरून घ्या आणि पाण्यात चिमूटभर मीठ-साखर घाला. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, तर उपवासाचं डॉक्टरांशी आधीच बोला. दिंडीतली जुनी माणसंही हेच सांगतात.

सासवडला पालखी जास्तीची रात्र थांबते. पोटाला आणि पायांना विश्रांती द्यायची ती हीच जागा, मऊ भात खा आणि झोपा. तुकोबारायांच्या पालखीसोबत जाणाऱ्यांनी यवतचं पिठलं-भाकरी चुकवू नये. गावातल्या घराघरातून भाकरी येतात आणि पिठलं मोठमोठ्या कढयांत शिजतं.

जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण ही मोठी गावं आहेत, तिथे काही कमी पडत नाही. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला की ज्वारीची भाकरी आणि शेंगांची कोरडी चटणी सुरू होते. या दोन वस्तू मी पिशवीत बांधून घेतल्या, कडक भाकरी तर दोन-तीन दिवस सहज टिकते. रिंगणाच्या दिवशी जेवणाला हमखास उशीर होतो, तेव्हा हीच शिदोरी कामी आली.

सोबत स्वतःचं ताट, वाटी, तांब्या हवाच. पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध आणि ओआरएसची पाकिटंही घ्या. टँकरचं पाणी सगळीकडे मिळतं, पण बाटलीत भरल्यावर औषधाचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. जेवायच्या आधी साबणाने हात धुवा, माती आणि चिखलातून आलेला असता.

शेवटचे दिवस तिथीने बांधलेले. वाखरीचा मुक्काम आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला येतो, त्यामुळे कांदाभज्यांच्या तळणाचा वास सगळीकडे. भजी दोन-चारच खा, दुसऱ्या दिवशी पंढरपूरपर्यंत चालायचं आहे आणि एकादशीला दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचं आहे. रांगेत लागताना केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि पाणी जवळ ठेवा. द्वादशीला बारस सोडायला दिंडीतच थांबा, त्या दिवशी पुरणपोळी असते आणि आचारी आग्रहाने वाढतात. पौर्णिमेपर्यंत राहणार असाल तर गोपाळपूरच्या काल्याला पहाटे लवकर निघा, उशिरा गेलात तर गर्दीत पुढे सरकता येत नाही.